हृदय आणि फुफ्फुसाच्या पेशंटसाठी फिजिओथेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉर्डात आणि ओपीडीत मला रोज जे प्रश्न विचारले जातात ते इथे एकत्र लिहितेय. बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेले, हार्ट फेल्युअरवाले (हृदयाची रक्त ढकलायची ताकद कमी पडलेले), सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), दमा, टीबी बरा झाल्यावरही दम राहिलेले, असे सगळे पेशंट आणि त्यांच्या घरचे यांच्यासाठी आहे हे. व्यायाम किती आणि कधीपासून करायचा हे तुमचे डॉक्टर आणि तुमचा फिजिओच तुम्हाला तपासून सांगणार, पण निदान त्यांना काय विचारायचं ते कळेल.

फिजिओथेरपी तर गुडघेदुखी-कंबरदुखीची असते ना? हार्टचा काय संबंध?

खूप संबंध आहे. हृदय-फुफ्फुसांची फिजिओथेरपी ही वेगळी शाखाच आहे, त्यात मास्टर्स डिग्री असते. आयसीयूतल्या पेशंटचा कफ काढणं, ऑपरेशननंतर फुफ्फुसं परत नीट फुगवणं, पेशंटला पलंगावरून उठवून चालवणं, आणि घरी गेल्यावर दोन-तीन महिने मोजूनमापून व्यायाम वाढवत नेणं, हे सगळं यात येतं. शेवटच्या भागाला कार्डियाक रिहॅब किंवा पल्मनरी रिहॅब म्हणतात आणि नेमका तोच आपल्याकडे सगळ्यात जास्त राहून जातो, कारण डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी असते, चालण्याची नसते.

अटॅक येऊन गेलाय म्हणजे आता आरामच करायला हवा ना?

हा गैरसमज घरोघरी आहे आणि त्यात प्रेमच असतं, पण त्याने पेशंटचं नुकसान होतं. एके काळी डॉक्टरही हेच सांगायचे, अटॅकनंतर काही आठवडे पलंगावरून हलू द्यायचे नाहीत. 1952 साली लेव्हिन आणि लाउन या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली होती. मग 1966 साली अमेरिकेतल्या डॅलसला एक प्रयोग झाला, 5 तरुण धडधाकट मुलांना 20 दिवस पलंगावर झोपवून ठेवलं, त्यांची दमछाक सहन करायची ताकद पाव भागाहून जास्त घटली. 30 वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासलं तर कळलं की 30 वर्षं वय वाढूनही शरीराचं जेवढं नुकसान झालं नाही तेवढं त्या 20 दिवसांत झालं होतं. हे विशीतल्या मुलांचं, मग साठीतल्या माणसाचं पलंगावर काय होत असेल विचार करा.

अटॅक ताजा असताना, छातीत दुखणं चालू असताना, ताप असताना, बीपी आटोक्यात नसताना, पायात रक्ताची गुठळी असून त्यावर उपचार सुरू झालेले नसताना आराम हवाच. डॉक्टरांनी पेशंट स्थिर आहे म्हटलं की मात्र उठायचं.

बायपासनंतर कधी उठवतात? छातीचं हाड कापलेलं असतं, भीती वाटते.

सगळं सुरळीत असेल तर साधारण दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसवतो, मग खुर्ची, मग खोलीत दोन-चार पावलं, मग पॅसेज, आणि घरी सोडायच्या आधी एक जिना चढून-उतरून बघतो. छातीचं मधलं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला 6 ते 8 आठवडे आणि पक्कं व्हायला 12 आठवड्यांपर्यंत लागतात. तोवर दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, भरलेला मोठा कुकर नाही, गॅसचा सिलेंडर तर अजिबात सरकवायचासुद्धा नाही (आतला गॅसच 14.2 किलो असतो, वर लोखंडाचं वजन वेगळं), आणि नातवंडाला कडेवर घ्यायचं नाही, त्याला मांडीवर कोणीतरी आणून द्यायचं. उठताना हातावर जोर देऊन किंवा कोणी हात धरून ओढून उठवायचं नाही: कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, छातीशी उशी घट्ट धरा आणि पायांच्या जोरावर उठा.

हात मात्र बांधून ठेवल्यासारखे ठेवू नका. खांदे गोल फिरवणं, कोपर अंगाजवळ ठेवून हात हलवणं पहिल्या आठवड्यापासून चालतं, नाहीतर महिन्याभराने पेशंट खांदा आखडला म्हणून परत येतो.

बायकांना कोणी सांगत नाही म्हणून सांगते, स्तनांच्या वजनाने जखम दोन्ही बाजूंना ओढली जाते, त्यामुळे पुढून उघडणारी, नीट आधार देणारी ब्रेसियर घाला, त्याने दुखणंही कमी होतं.

ते तीन बॉलचं यंत्र फुंकायचं असतं ना?

नाही! फुंकायचं नाही, ओढायचं. दहातले बरेच जण ते फुंकत असतात, वॉर्डात सांगितलेलं घाईत कानावरून जातं. स्पायरोमीटर (ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामासाठी देतात ते हे तीन बॉलचं यंत्र) सरळ उभा धरा, आधी सगळा श्वास सोडून द्या, नळी ओठांत घट्ट पकडा आणि हळूहळू श्वास आत ओढा. बॉल वर जातील, ते तीनेक सेकंद वर टिकवायचे, मग नळी काढून आरामात श्वास सोडायचा. त्यावर 600, 900, 1200 लिहिलेलं असतं, ते हवा किती वेगाने ओढता याचं माप आहे, म्हणून झटका मारून तिन्ही बॉल टणकन वर आपटवण्यात काही कौतुक नाही. दोनच बॉल वर, पण जास्त वेळ टिकवलेत तर फुफ्फुसाच्या तळाशी मिटलेल्या पिशव्या उघडतात, आपल्याला तेच हवंय. जागे असाल तोवर दर तासाला 10 वेळा, मध्ये थांबत थांबत, सलग केलं की चक्कर येते.

खोकलं की टाके तुटतील असं वाटतं, म्हणून खोकला दाबून ठेवते. चालेल का?

नाही चालणार, कफ आत साचला की न्यूमोनिया होऊ शकतो. उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीवर दोन्ही हातांनी दाबून धरा आणि मग खोका, शिंक आली तरी तसंच. तेवढ्याने टाके तुटत नाहीत. दुखत असेल तर वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-एक तासाने हे व्यायाम करा, दुखणं सोसत केलेला श्वासाचा व्यायाम अर्धामुर्धाच होतो.

घरी आल्यावर किती चालायचं?

पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर 5 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बिल्डिंगचा पॅसेज, अंगण, गच्ची काहीही चालेल. मग झेपेल तसं एक-दोन मिनिटं वाढवायची, पाच-सहा आठवड्यांत बरेच जण सलग 20 ते 30 मिनिटांवर येतात. जेवणानंतर एक-दीड तास जाऊ द्या, भर उन्हात नको, थंडीत पहाटे 5 ला बाहेर पडायचा हट्टही नको. सुरुवातीची 5 मिनिटं हळू, शेवटची 5 मिनिटं हळू. हे शेवटचं हळू चालणं लोक गाळतात आणि एकदम बाकावर बसतात, मग रक्त पायात साचून बीपी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

डायबिटीस असेल तर खिशात साखर किंवा ग्लुकोज बिस्किटं ठेवा, आणि परत आल्यावर तळपाय बघा.

घरकाम चालण्यात धरायचं का, असं काकू लोक विचारतात. नाही धरायचं. पुरुष पेशंट घरी गेला की त्याला बायको फिरायला घेऊन जाते, बाई पेशंट घरी गेली की पंधरा दिवसांत ओट्याशी उभी राहते आणि तिच्या चालण्याला कोणाकडे वेळ नसतो, रिहॅबला तर बायका पुरुषांपेक्षा कितीतरी कमी येतात. मला याचा मनापासून राग येतो. घरच्यांनो, तिची अर्ध्या तासाची वेळ ठरवा आणि ती पाळा.

व्यायाम करताना नाडी किती असावी?

हल्ली हातात घड्याळ असतं आणि नेटवर 220 वजा वय हा फॉर्म्युला मिळतो, पण तुम्ही मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी घेत असाल तर ती गोळी नाडी वाढूच देत नाही, मग माणूस तो आकडा गाठायला जीव काढून चालतो. हे धोक्याचं आहे. आम्ही त्यापेक्षा बोर्ग स्केल वापरतो: 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही, तुम्हाला 11 ते 13 मध्ये राहायचंय, म्हणजे हलकं ते थोडं जड. स्केल हाताशी नसेल तर चालताना शेजारच्याशी बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांमागे श्वास घ्यावा लागतोय तर वेग कमी करा.

ईएफ 30 आहे. आता व्यायाम बंदच ना?

बंद नाही. ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, नॉर्मल साधारण 55 ते 70. एचएफ-अॅक्शन नावाच्या मोठ्या अभ्यासात ईएफ 35 किंवा त्याहून कमी असलेले 2331 पेशंट होते, त्याचे निकाल 2009 मध्ये आले आणि ठरवून दिलेला व्यायाम त्यांच्यासाठी सुरक्षित निघाला. अट एवढीच की आधी डॉक्टरांची हो हवी आणि सुरुवात देखरेखीखाली हवी. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढलं, पायावर बोट दाबून खड्डा राहतोय, रात्री आडवं झालं की धाप लागतेय, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन.

सीओपीडीत फुफ्फुसं तर परत नीट होत नाहीत, मग व्यायाम करून काय मिळणार?

प्रश्न बरोबर आहे. व्यायामाने तुमचा पीएफटीचा (फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या तपासणीचा) रिपोर्ट सुधारणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. पण दम लागतो तो फक्त फुफ्फुसांमुळे नाही. दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो, चालणं सोडलं की मांड्या बारीक होतात, कमजोर स्नायू तेवढ्याच कामाला जास्त ऑक्सिजन मागतात, मग आणखी दम लागतो, आणि माणूस हळूहळू बाथरूम ते पलंग एवढ्यावर येतो. फुफ्फुसं आपण बदलू शकत नाही पण मांड्या बदलू शकतो. आठवड्याला दोन-तीन वेळा असं 6 ते 12 आठवडे केलं की तीच फुफ्फुसं घेऊन माणूस भाजी आणायला जातो.

फरक कसा कळतो? 30 मीटरच्या पॅसेजमध्ये 6 मिनिटांत किती अंतर चालता ते सुरुवातीला मोजतो आणि शेवटी मोजतो. 30 मीटरने वाढलं तरी ती खरी सुधारणा धरतात. कागदावर किरकोळ दिसतं, पण आमच्याकडच्या एका आजींनी (आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक केलेला, विडी-सिगारेट कधी नाही) मला ते वेगळं मोजून दाखवलं: आधी देवळाच्या पायऱ्यांवर मध्ये दोनदा बसावं लागायचं, आता एकदाही नाही.

चालण्याबरोबर ताकदीचे व्यायामही हवेत. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, अर्धा लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन उचलणं, एवढ्यापासून सुरुवात होते. डॉक्टरांनी लगेच काम करणारा इनहेलर दिला असेल आणि त्यांनी सांगितलं असेल तर व्यायामाच्या 10-15 मिनिटं आधी घ्या.

चालताना एवढा नाही, पण आंघोळ करताना आणि केस विंचरताना फार दम लागतो. असं का?

कारण हात वर गेले. फुफ्फुसं खराब असली की मानेचे आणि खांद्याचे स्नायू श्वासाच्या मदतीला आलेले असतात, हात वर केले की त्यांना दोन कामं एकदम पडतात. त्यात आपण डोक्यावर पाणी घेताना नकळत श्वास रोखून धरतो, आणि बंद बाथरूममध्ये वाफ. उपाय साधे आहेत. प्लास्टिकच्या स्टुलावर बसा, बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवा म्हणजे वाकावं लागत नाही, छोटा तांब्या घ्या, तो उचलताना श्वास सोडा. दाराला आतून कडी लावू नका. अंग पुसायला टॉवेल पाठीवरून ओढत बसण्यापेक्षा मोठा पंचा किंवा गाऊनसारखा टॉवेल गुंडाळून दोन मिनिटं बसा, पाणी आपोआप टिपलं जातं. केस विंचरताना कोपरं टेबलावर टेकवा. आंघोळीनंतर घालायचे कपडे आधीच कपाटातून काढून जवळ ठेवा. शौचालाही तेच, कुंथताना श्वास रोखला जातो आणि बीपी झपकन वर-खाली होतं, हार्टच्या पेशंटने तर हे टाळायलाच हवं, पोट साफ होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

एकदम दम लागला की काय करायचं?

आडवं व्हायचं नाही. खुर्चीत बसा, पुढे वाका, कोपरं मांड्यांवर किंवा टेबलावर टेकवा. उभे असाल तर भिंतीला किंवा कठड्याला टेका. नाकाने श्वास घ्या मनात दोन मोजत, आणि ओठ गोल करून बारीक फटीतून सोडा चार मोजत. जोर लावून फुंकायचं नाही. घरच्यांनी भोवती गर्दी करू नये, पंखा तोंडावर सोडावा, आणि "काय होतंय, काय होतंय" विचारत राहू नये कारण उत्तर द्यायलाही श्वास लागतो.

कफ छातीत वाजतो पण बाहेर येत नाही.

जोरजोरात खोकत राहिलात तर नळ्या आवळतात आणि थकवा तेवढा येतो. आधी एक-दोन मिनिटं शांत श्वास, मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास क्षणभर धरून. मग तोंड उघडं ठेवून हाऽऽ करून हवा बाहेर ढकला, चष्म्याच्या काचेवर वाफ आणतो तसं, फक्त पोटातून आणि लांब. कफ वर आला की एकच खोकला. परत शांत श्वास. हे चक्र 10-15 मिनिटं, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी. ब्राँकिएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होऊन त्यात कफ साचण्याचा आजार) असेल तर कोणत्या कुशीवर झोपून करायचं हे सीटी स्कॅन बघून फिजिओ दाखवेल. पाठीवर थापटणं शेजाऱ्यांचं बघून करू नका, हाडं ठिसूळ असली किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या तर त्याने इजा होते. आणि कफातून रक्त आलं तर सगळं थांबवून डॉक्टरांकडे.

प्राणायाम चालेल का?

अनुलोम-विलोम, भ्रामरी, श्वास न रोखता, चालतं. कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक अटॅक किंवा बायपासनंतर सुरुवातीला नको, सीओपीडीत जोराच्या उच्छ्वासाने हवा आत अडकते म्हणून तिथेही नको. आपल्या देशात 24 हॉस्पिटलांतल्या जवळपास 4000 अटॅकच्या पेशंटवर योगाधारित रिहॅबचा योगा-केअर नावाचा अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला, त्यात पेशंटचं रोजचं जगणं आणि कामावर परतणं सुधारलेलं दिसलं, मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्यात मात्र ठळक फरक सिद्ध झाला नाही. तेव्हा योग जरूर करा, चालणं आणि गोळ्या सोडून नको.

घरी ऑक्सिजन चालू आहे, त्यावर व्यायाम करता येतो?

येतो, लांब नळी लावून खोलीत चालवतो आम्ही. बोटाचं ऑक्सिमीटर लावा, नेलपॉलिश असेल तर काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा नाहीतर आकडा चुकतो. व्यायामात आकडा 88 च्या खाली जाऊ लागला की थांबा. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटना 88 ते 92 हेच टार्गेट असतं, त्यामुळे 98 दिसावा म्हणून घरच्यांनी फ्लो वाढवायचा नाही, त्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. आणि ऑक्सिजनच्या खोलीत निरांजन, उदबत्ती, सिगारेट काहीही पेटवायचं नाही.

व्यायाम कधी लगेच थांबवायचा?

छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, थंड घाम सुटला, चक्कर आली, धडधड वेडीवाकडी झाली तर. बसून घ्या. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहून दिलेली असेल तर ती बसूनच घ्या, उभ्याने घेतली की बीपी पडून माणूस कोसळतो. पाच मिनिटांत कमी नाही झालं तर 108 ला फोन करा. रिक्षा शोधत, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बायपासनंतर एकाच पायाला सूज का?

त्या पायातली शीर काढून हृदयाला लावलेली असते. बसताना पाय उंच ठेवा, घोटा वरखाली करत राहा. पोटरी दुखून लाल-गरम झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

पेसमेकर बसवल्यावर हात हलवायचा नाही म्हणतात?

त्या बाजूचा हात 4 ते 6 आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, खांद्याच्या खाली मात्र रोज हलवायचा.

शरीरसंबंध कधीपासून?

हे कोणी विचारत नाही, डिस्चार्जच्या दिवशी पेशंट घुटमळत उभा राहतो आणि शेवटी तसाच निघून जातो, म्हणून मीच सांगते. दोन मजले जिना नेहमीच्या वेगाने चढून छातीत दुखलं नाही, फार धाप लागली नाही तर साधारणपणे हरकत नसते. बायपास असेल तर छातीवर आणि हातांवर भार येणार नाही असं बघा. ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका, नायट्रेटची गोळी (छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची तीसुद्धा) चालू असेल तर बीपी जीवघेणं पडू शकतं.

गाडी कधी चालवू?

बायपासनंतर कार साधारण 6 आठवड्यांनी, टू-व्हीलर त्याहून उशिरा, कारण हँडलचे झटके आणि गाडी स्टँडला लावतानाचा जोर थेट छातीच्या हाडावर येतो. सर्जनना विचारूनच.

दरवर्षी वारीला जातो, यंदा जाऊ का?

नाही म्हणायला माझ्या जिवावर येतं. आळंदी ते पंढरपूर म्हणजे 250 किलोमीटरच्या आसपास, वर दिवे घाटाची चढण, पाऊस, अपुरी झोप, बाहेरचं खाणं, गोळ्यांच्या वेळा चुकणं. अटॅक किंवा बायपास याच वर्षी झालं असेल तर यंदा नको. पुढच्या वर्षी जायचंय असं मनात धरून आलेले काका मात्र मला फार आवडतात, कारण ते एकही सेशन चुकवत नाहीत. त्यांचा आम्ही वेगळा प्लॅन करतो: स्ट्रेस टेस्ट, कित्येक महिने वाढवत नेलेलं चालणं, मग चढ, मग पाठीवर पिशवी घेऊन, आणि तरीही बहुतेकांना एक-दोन टप्पे चालून बाकी गाडीने असंच सांगतो.

चांगला फिजिओ कुठे मिळेल आणि पहिल्या दिवशी काय आणायचं?

मुंबईत केईएम, नायर, सायन इथे फिजिओथेरपीची कॉलेजेस आणि ओपीडी आहेत, इतर शहरांत मेडिकल किंवा फिजिओथेरपी कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलांत विचारा, खर्चही कमी येतो. खाजगीत जात असाल तर महाराष्ट्र स्टेट कौन्सिल फॉर ऑक्युपेशनल थेरपी अँड फिजिओथेरपीचं रजिस्ट्रेशन आहे का ते बघा, आणि हार्ट किंवा चेस्टचे पेशंट नियमित बघता का हे सरळ विचारा, चांगला फिजिओ त्याचं वाईट वाटून घेत नाही. पहिल्याच भेटीत बीपी, नाडी, ऑक्सिजन न बघता कोणी ट्रेडमिलवर चढवत असेल तर उतरा.

येताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा ईसीजी, टूडी इको किंवा पीएफटी, आणि गोळ्यांची यादी नको, गोळ्यांची पिशवीच आणा, इनहेलरसकट. चष्मा विसरू नका. हलकं खाऊन या, नेहमीच्या गोळ्या घेऊन या, आणि पायात त्या चपला किंवा बूट घालून या जे घालून तुम्ही खरोखर रोज चालणार आहात.